वीस वाव पाण्याखालचं

१ जूनला बंदी लागली की देवगड बंदरात होड्या वर ओढल्या जातात, झावळ्या-ताडपत्रीने शाकारल्या जातात, आणि त्यांच्या आडोशाला बसून पुढच्या हंगामाचे बेत सुरू होतात. ३१ जुलैपर्यंत समुद्रात जायचं नाही. तोवर जाळी शिवा, इंजिन खोला आणि उरलेल्या वेळात मोबाईलवर भाव बघत बसा. यंदा माझ्या चुलतभावाच्या मोबाईलवर एकच वस्तू होती, नऊ इंची पडद्याचा फिशफाइंडर, म्हणजे होडीखालचं पाणी पडद्यावर दाखवणारं यंत्र, जीपीएससकट. मी रत्नागिरीत इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळे घरातला प्रत्येक बिघडलेला मिक्सर माझी वाट बघत थांबलेला असतो. हे यंत्र घ्यावं का, हा प्रश्नही थांबला होता.

भावाची होडी फायबरची, मागे आऊटबोर्ड इंजिन. धंदा मुख्यतः जाळ्याचा, म्हणजे गिलनेटचा. थंडीत सुरमई-बांगडा कमी पडला की खडपांवर, म्हणजे पाण्याखालच्या खडकांवर, गरी टाकायची. पाणी दहा ते वीस वाव, एक वाव म्हणजे सहा फूट. एवढी माहिती हातात असली की नऊ इंचाचा प्रश्न निम्मा सुटतो. पण दुकानात होडीबद्दल कोणी विचारत नाही. तिथे पडद्यावर एक नमुन्याची चित्रफीत चालू असते. निळं पाणी, पिवळा-लाल तळ आणि मधून एकामागून एक जाणाऱ्या जाडजूड कमानी. प्रत्येक कमान म्हणजे एक मासा. ती बघून कोणाचाही हात खिशाकडे जाईल.

माझं मत मी भावाला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि ते त्याला आवडलं नाही: आपल्याकडच्या लहान होडीने हे यंत्र मासा बघायला घेऊ नये, तळ बघायला घ्यावं.

का, ते सांगतो. यंत्र पाण्यात आवाज सोडतं आणि त्याच्या पडसादाची वाट बघतं. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर धावतो. वीस वाव म्हणजे साडेछत्तीस मीटर. तिथला तळ गाठून आवाज परत यायला सेकंदाचा विसावा भागही लागत नाही. किती वेळ लागला त्यावरून खोली, आणि पडसाद किती जोरात आला त्यावरून रंग. इतकंच. जपानमध्ये फुरुनोने १९४८ मध्ये पहिला चालणारा फिशफाइंडर बाजारात आणला, तेव्हाही तत्त्व हेच होतं. पडदा बदलला, रंग आले, पण पाण्यातला आवाज त्याच वेगाने जातो.

आता हा आवाज सरळ रेषेत खाली जात नाही, शंकूसारखा पसरतो. २०० किलोहर्ट्झ वारंवारितेच्या आवाजाचा शंकू अरुंद, बहुधा वीस अंशांच्या आसपास. त्याचं वर्तुळ तळाशी खोलीच्या एक तृतीयांशाहून जरा मोठं पडतं. म्हणजे वीस वावांवर होडीच्या खाली सुमारे तेरा मीटर रुंदीचा गोल. यंत्राला दिसतो तो एवढाच समुद्र. भावाचं जाळं पाण्यात शेकडो मीटर पसरलेलं असतं. ज्या बांगड्याने सकाळी जाळं भरतं तो रात्री त्या तेरा मीटरच्या गोलातून गेलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय? शिवाय बांगड्याचा थवा वरच्या पाण्यात असला तर तिथे शंकू आणखी अरुंद. चार वावांवर गोल जेमतेम अडीच मीटरचा. आणि इंजिनाच्या आवाजाने थवा होडीखालून बाजूला सरकला की पडदा कोरा.

तळ मात्र पळत नाही.

आमच्या किनाऱ्यालगत पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंतचा बराचसा तळ गाळाचा आहे. हजारो वर्षं नद्यांनी आणून टाकलेला चिखल. त्याच्या पलीकडे वाळू लागते. या गाळातून मधूनमधून खडक वर येतात, आणि मालवण, देवगड, विजयदुर्ग या भागात ते भरपूर आहेत. तांबोशी, गोबरा हे खडकाच्या कपारीला धरून राहणारे मासे. कोळंबी गाळावर. त्यामुळे खाली काय आहे हे कळलं तर वर काय टाकायचं ते ठरतं, आणि जाळं कुठे टाकायचं नाही हेही कळतं. खडकावर अडकून फाटलेल्या जाळ्याचा खर्च काढला तर चांगल्या यंत्राची किंमत दोन हंगामांत निघते, असं भावाचा स्वतःचाच हिशेब सांगतो.

गाळाचा पडसाद मऊ येतो. पडद्यावर तळाची रेघ पातळ, फिकी, खाली विरत गेलेली. खडकाचा पडसाद टणक: जाड, लाल, आणि बऱ्याचदा त्याच्या बरोबर दुप्पट खोलीवर दुसरी रेघ. आवाज तळावर आपटून वर आला, पाण्याच्या पृष्ठभागावरून परत खाली गेला, पुन्हा वर आला, त्याची ही खूण. दुकानातल्या चित्रफितीत ही दुसरी रेघ कधी दिसत नाही, कारण ती दिसायला खोलीची मर्यादा हाताने वाढवून ठेवावी लागते. वीस वाव पाण्यात पन्नास वावांचा पडदा लावायचा. मासे मग बारीक दिसतात, आणि म्हणून कोणी तसं करत नाही.

काका, म्हणजे भावाचे वडील, हे काम दोरीने करायचे. शिशाचा गोळा, त्याच्या बुडाला साबण चोपडलेला. गोळा तळाला टेकला की दोरीवरच्या गाठी मोजून वाव कळायचे आणि साबणाला काय चिकटलंय त्यावरून चिखल, वाळू की शिंपल्यांचा चुरा ते. काहीच चिकटलं नाही आणि साबणावर खरचटा उठला, म्हणजे खडप. लाखभराच्या यंत्रालाही तळाचा नमुना वर आणता येत नाही, हे काकांनी आम्हा दोघांना त्या दिवसांत वारंवार ऐकवलं. “ह्या मशीन मासो दाखवता, पन जाळ्यात घालता काय?” हेही.

बरं, यंत्राची निवड. दोन आकडे दुकानदार तोंडावर फेकतात. पहिला वॅटचा. “चार हजार वॅट!” हा आकडा बहुतेक वेळा शिखर ते शिखर मोजलेला असतो. खरी सरासरी ताकद, जिला आरएमएस म्हणतात, ती त्याच्या आठव्या हिश्शाइतकी, म्हणजे पाचशे. वीस-तीस वावांना पाचशे पुरून उरते. दुसऱ्या यंत्रावर नुसतं “५०० वॅट आरएमएस” लिहिलं असेल तर ते कमी ताकदीचं नाही, प्रामाणिक छापलेलं आहे.

दुसरा आकडा वारंवारितेचा. २०० किलोहर्ट्झ बारकावे दाखवतो, पण फार खोल जात नाही. ५० किलोहर्ट्झ खोल जातो, शंकू रुंद, चित्र ढोबळ. शंभर-दीडशे वावांवर जाणाऱ्या मोठ्या बोटीला ५० लागतो. विजयदुर्गापासून समुद्रात सुमारे १०५ किलोमीटरवर बुडालेलं अँग्रिया बँकचं पठार आहे, जिथे शेकडो मीटर खोल पाण्यातून तळ एकदम वीस-पंचवीस मीटरवर चढतो. तिकडे जाणाऱ्याने दोन्ही ठेवावेत. भावाची होडी तिकडे जात नाही, जाऊ नये. चर्प नावाचा प्रकार एकाच सुराऐवजी खालपासून वरपर्यंत चढत जाणारा आवाज सोडतो, त्यामुळे तळाला चिकटलेला मासा आणि तळ वेगळे दिसण्याची शक्यता वाढते. आता तो स्वस्त यंत्रांतही येतो. असला तर घ्यावा.

शक्यता वाढते, एवढंच म्हणतोय. खडकाचा उतार असेल तर शंकूच्या वरच्या कडेला लागलेला पडसाद आधी येतो आणि यंत्र तोच तळ समजून रंगवून टाकतं. उताराच्या पायथ्याशी, कपारीत बसलेली तांबोशी त्या रंगाखाली गाडली जाते. नेमकी जिथे ती असते तिथेच दिसत नाही. आणि माशाचा पडसाद मुख्यतः येतो तो त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. मुशीला ती पिशवी नसते, म्हाकुलाला नसते. म्हाकुलाचा थवा खालून गेला तरी पडद्यावर पुसट धूर दिसेल. यंत्रात माशाची छोटी चित्रं दाखवण्याची एक सोय असते. ती पहिल्याच दिवशी बंद करावी. ते यंत्राचं अनुमान असतं, आणि बुडबुडे, तरंगणारा कचरा, जेलीफिश यांचेही ते आनंदाने मासे करतं. कच्चा पडसाद बघायची सवय लागायला एक हंगाम जातो. जाऊ द्यावा.

इतकं ऐकल्यावर भाऊ म्हणाला, “मग पैसे घालू खंय?”

सेन्सरमध्ये. कागदावर त्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात, बंदरावर सेन्सर. पडदा कितीही भारी असो, ऐकण्याचं काम होडीच्या बुडाचा हा मुठीएवढा तुकडा करतो, आणि तो कुठे बसवला यावर सगळं अवलंबून. आवाजाचा शत्रू हवा. इंजिनाच्या पंख्याच्या फेसात, बुडावरच्या पट्ट्यांमागे उठणाऱ्या बुडबुड्यांत सेन्सर ठेवला की होडी थांबलेली असताना चित्र सुरेख, आणि वेग घेतला की पडदाभर रेघोट्या. मागच्या फळीवर बसवायचा तर पंख्यापासून दूर, तोंड बुडाच्या पातळीपेक्षा किंचित खाली. पण आमच्याकडे होडी वाळूवरून ओढायची असते. बाहेर लोंबणारा सेन्सर एका ओढीत तुटतो. किनाऱ्यावर तसे बरेच पडलेले आहेत.

फायबरच्या होडीला दुसरा मार्ग आहे. बुड भरीव फायबरचं असेल, आत फोम किंवा लाकूड नसेल, तर सेन्सर आतून, बुडाला इपॉक्सीने चिकटवता येतो. आवाज फायबरमधून आरपार जातो. थोडी ताकद वाया जाते, पाण्याचं तापमान नीट कळत नाही, पण वीस वावांना ताकदीची चणचण नाही. चिकटवताना इपॉक्सीत एक बुडबुडा राहिला तर मात्र काम फसलं. म्हणून आधी पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत सेन्सर ठेवून, ती पिशवी बुडावर दाबून, समुद्रात जाऊन चित्र बघायचं. जागा पटली की मगच चिकटवायचं. लाकडी ट्रॉलरला ही सवलत नाही. लाकडातून ऐकू येत नाही, तिथे बुडाला भोकच पाडावं लागतं, आणि ते काम होडी बांधणाऱ्यानेच करावं, इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने नाही.

मग वीज. लहान आऊटबोर्डला बॅटरी चार्ज करायची सोय बहुधा नसतेच. सात इंची पडदा साधारण एक-दीड अँपिअर खातो, रात्रभराचे दहा-पंधरा अँपिअर-तास झाले. नऊ इंच त्याहून जास्त. मोठ्या पडद्याचं खरं भाडं हे आहे, रोज सकाळी बॅटरी खांद्यावर घेऊन घरी. वायर कथील चढवलेल्या तांब्याची घ्यावी, नुसतं तांबं खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत हिरवं होऊन भुगा होतं. फ्यूज बॅटरीजवळ. आणि दुपारच्या उन्हात, पोलराइज्ड चष्मा घालून पडदा दिसतो का हे दुकानाच्या बाहेर रस्त्यावर उभं राहून बघावं. दुकानदार कुरकुरतो.

जीपीएसबद्दल मी वेगळं बोलत नव्हतो, कारण ते यंत्रात आलेलंच असतं. पण खरं सांगायचं तर दोघांतलं जास्त उपयोगाचं तेच. एका बाजूला तळ कळला, दुसऱ्या बाजूला तो नेमका कुठे आहे ते कळलं, तर मग तो आपला. नुसता तळ कळून काय? उद्या पुन्हा सापडायला हवा.

हे पूर्वी जमायचं नाही असं नाही. काका खडप दोन खुणांनी शोधतात. देवळाचा कळस मागच्या डोंगराच्या खिंडीत बसला पाहिजे, आणि त्याच वेळी दक्षिणेला दीपगृहाचा मनोरा सुळक्याच्या टोकाला चिकटला पाहिजे. दोन रेषा जिथे कापतात तिथे नांगर. मी एकदा सोबत होतो. त्यांनी होडी अक्षरशः दोन-तीन हात पुढेमागे केली आणि गरी टाकली. नागरी जीपीएसला अशी अचूकता फार उशिरा आली. अमेरिकेने मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली. त्याआधी सामान्य माणसाच्या यंत्रात शंभरेक मीटरचा फरक असायचा. शंभर मीटरमध्ये आमचं अख्खं खडप बसतं. ती चूक गेली आणि खडपाचा पत्ता एकदम काही मीटरवर आला. आता त्यात गगन या आपल्या उपग्रह-व्यवस्थेची दुरुस्तीही मिळते, नाविक या भारताच्या स्वतःच्या जीपीएससारख्या व्यवस्थेचे उपग्रह वाचणारी यंत्रंही आहेत.

पण देवळाच्या कळसाची खूण एका माणसाच्या डोक्यात असते. पॉइंट, म्हणजे जीपीएसवर नोंदवलेली जागा, यंत्रात असतो, आणि यंत्रातून कार्डावर, कार्डावरून दुसऱ्याच्या यंत्रात जायला मिनिटही लागत नाही. बंदरात खलाशी होडी बदलतात. एका हंगामात इकडे, दुसऱ्या हंगामात तिकडे, आणि खिशात पॉइंटची वही. मोठ्या बोटीने एखाद्या लहान होडीच्या पॉइंटवर येऊन दोन दिवसांत खडप साफ केल्याच्या गोष्टी सगळ्या बंदरात ऐकायला मिळतात. काही खऱ्या असतील, काही रागाच्या. पर्ससीनवाल्यांकडचा, म्हणजे थव्याला वेढणारं मोठं जाळं टाकणाऱ्या बोटींवरचा सोनार (हेही आवाजानेच शोधणारं यंत्र) चहूबाजूंना बघतो. आपला फिशफाइंडर फक्त खाली. एलईडी दिव्यांनी मासा खेचण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतो अशी तक्रार मालवणपासून इकडे ऐकू येतेच. या सगळ्यात लहान होडीवाल्याकडे राखून ठेवण्यासारखं जे काही उरतं ते म्हणजे त्याचे पॉइंट. ते कसे साठवायचे हा माझ्या लेखी पडद्याच्या इंचांपेक्षा मोठा प्रश्न आहे. यंत्राला कुलूप लावता येतं का, साठवलेले पॉइंट बाहेर काढता येतात का, काढल्यावर दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात वाचता येतात का, हे विचारूनच पैसे द्यावेत.

आणि वहीत लिहितानाची एक खोड. यंत्र १६ अंश २२.५० मिनिटं दाखवतं. हे अर्धं मिनिट, म्हणजे तीस सेकंद. पण पुष्कळ जण ते “बावीस मिनिटं पन्नास” असं बोलतात, ऐकणारा दुसऱ्या यंत्रात पन्नास सेकंद भरतो, आणि होडी सहाशे मीटर उत्तरेला जाऊन चिखलात गरी टाकते. मग म्हणायचं, पॉइंट देणाऱ्याने फसवलं. बंदरातली निदान एक अबोला धरलेली जोडी या टिंबामुळे झालेली आहे, अशी माझी खात्री आहे.

उभ्या होडीत जीपीएसचा बाण गरगर फिरतो, कारण दिशा त्याला चालण्यातून कळते. जाळं टाकून बसलेल्याने जुनं होकायंत्र काढू नये. नकाशातल्या खोलीचंही तसंच. नकाशा सगळ्यात उतरलेल्या ओहोटीपासून मोजतो, यंत्र या क्षणाचं पाणी सांगतं, आणि खाडीच्या मुखाशी वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. सुकतीच्या वेळी आत शिरताना नकाशातल्या रंगावर विसंबणारा वाळूवर चढतो.

हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राकडून मासे मिळण्याच्या संभाव्य क्षेत्रांची सूचना मराठीतही येते. उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघून दिशा, अंतर, खोली देतात. तो आकडा यंत्रात भरता येतो, एवढ्यासाठी तरी जीपीएस हवंच. ढगाळ दिवसांत सूचना येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला सुरुवात झालेल्या योजनेतले मोफत ट्रान्सपॉन्डर बोटींवर बसू लागलेत. त्यावरून संकटाचा संदेश जातो, ते बसवून घ्यावेत. काहींना त्यात पाळत दिसते. रात्री इंजिन बंद पडलं की मत बदलेल.

शेवटी घेतलं ते सात इंची, चर्प असलेलं. सेन्सर आतून चिकटवला. नऊ इंचाचे वाचलेले पैसे नवी बॅटरी, वायर आणि लाइफ जॅकेटमध्ये गेले. भाऊ जॅकेटवर नाराज आहे.

नारळी पौर्णिमा झाली, समुद्र जरा बसला, आणि काकांनी स्वतः होऊन सांगितलं की चला, खडपं दाखवतो. मी सुट्टी काढून गेलो. काका नाळेवर उभे, कळस बघत, हाताने डावी-उजवी सांगत. भाऊ पडद्यावर, तळाची रेघ जाड होऊन दुसरी उमटली की बटण दाबत. दोघांचं इतकं जुळलं की मधे बोलावंही लागेना. एका ठिकाणी मात्र काकांनी हात वर केला. “ह्यो पॉइंट मारू नको.”

भावाने नाही मारला. मी त्याला हळूच सांगितलं की पॉइंट नसला तरी होडी गेली त्या वाटेची रेघ यंत्र आपोआप साठवत असतं. त्याने ती काकांच्या समोर उघडली आणि पुसून टाकली. मग सापडायचं कसं, असं मी विचारलं तर काका म्हणाले, “माझ्या वांगडा येवचा. मी दाखयतंय.”

त्यामुळे धुकं पडून कळस दिसेनासा झाला की त्या खडपावर आमचं कोणी जात नाही. त्या दिवशी भाऊ दुसऱ्या पॉइंटवर गरवतो, आणि काकांना घरी येऊन सांगतो की मशीन चांगलं आहे.